आमची वाटचाल : अपघाताचे दावे आणि सहा महिन्यांची मुदत

बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही. त्यामुळे आम्ही किती दावे जिंकले हे इथे सापडणार नाही. काम कसं बदलत गेलं, तेवढं सांगतो.

पुणे-बेंगळुरू महामार्ग साताऱ्यावरून जातो, तेव्हा इथल्या वकिलाकडे मोटार अपघाताचे दावे येणारच. मी, दोन ज्युनिअर आणि एक कारकून, एवढीच आमची फर्म. पूर्वी भरपाईच्या आकड्यावर ज्याचा त्याचा हिशेब असे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९च्या सरला वर्मा निकालाने वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला कितीने गुणायचं तो आकडा, पक्के केले आणि २०१७ला प्रणय सेठी निकालात घटनापीठाने भावी उत्पन्नवाढीचे टक्के. समजा, ३४ वर्षांचा भाजीविक्रेता गेला. कमाई महिना १५,०००; मागे बायको, आई, दोन मुलं. ४० टक्के वाढ धरून २१,०००. चौथा हिस्सा त्याच्या स्वतःच्या खर्चाचा वजा, उरले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००, गुणक १६, म्हणजे ३०,२४,००० रुपये. अंत्यविधी वगैरेची ठरलेली रक्कम वेगळी.

हा हिशेब ज्युनिअरही करतो. घाम फुटतो तो १५,००० सिद्ध करताना. आयकर विवरणपत्र नसतंच. मग बाजार समितीच्या पावत्या, पतसंस्थेचं पासबुक शोधायचं, पिग्मी एजंटाला साक्षीला आणायचं. गृहिणी गेली तर ‘उत्पन्नच नव्हतं’ हा विमा कंपनीचा युक्तिवाद ठरलेला; गृहिणीच्या कामालाही उत्पन्न धरायचं, असं सांगणाऱ्या २०२१च्या कीर्ती निकालानंतर त्यातली हवा गेली.

खरी धावपळ सुरू झाली १ एप्रिल २०२२पासून. तेव्हापासूनच्या अपघातांना दावा दाखल करायची मुदत सहा महिने. १९९४ साली काढून टाकलेली मुदत परत आली. आमच्याकडे लोक म्हणतात, “वर्षश्राद्ध होऊ दे, मग कोर्टाचं बघू.” तोवर मुदत उलटून जाते, आणि उशीर माफ करायची सोय मोटार वाहन कायद्यातल्या या मुदतीच्या पोटकलमात लिहिलेली नाही. घरच्यांना गुन्ह्याची नोंद कुठल्या ठाण्यात झाली हेही धड माहीत नसतं, त्यांच्याकडून ही घाई मागणं मला अन्यायाचं वाटतं. ७ नोव्हेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने, मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश दिला. अंतरिम आहे, म्हणून आम्ही सहा महिन्यांचीच डायरी ठेवतो.

नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा आहे. आमचा कारकून तरीही ठाण्यात जाऊन पंचनाम्याची नक्कल मागतोच.

फी टक्क्यांत ठरवायला मनाई आहे. तरी “वीस टक्के घ्या, पण आत्ता काही मागू नका,” म्हणणारे भेटतात. त्यांना हप्ते पाडून देतो.