अपाचे पासचा झरा

"मामा, पाणी जास्त घ्या, वाटेत मिळणार नाही," टूसॉनहून निघतानाच भाच्याने बजावलं होतं. ॲरिझोनातल्या फोर्ट बोवीला (तिकडे 'बूई' म्हणतात) गाडी थेट जात नाही. दीड मैल पायपीट आहे. काटेरी झुडपं, डोक्यावर ऊन, आणि आजूबाजूला आमच्याशिवाय फक्त सरडे.

पहिल्यांदा लागतो बटरफील्ड टपाल कंपनीचा थांबा, म्हणजे आता नुसता दगडी पाया. 1858 पासून घोडागाड्या याच 'अपाचे पास' नावाच्या खिंडीतून जायच्या, कारण आसपास भरवशाचं पाणी एवढंच. अपाचे म्हणजे इथले मूळ रहिवासी. त्यांच्यातल्या चिरिकाहुआ जमातीचा प्रमुख कोचीस तेव्हा गाड्यांना जाऊ देत होता.

मग जानेवारी 1861 मध्ये दूरच्या एका गोऱ्याच्या वाडीवरून फीलिक्स वॉर्ड नावाचा बाराएक वर्षांचा पोरगा पळवला गेला. लेफ्टनंट जॉर्ज बॅस्कम सैनिक घेऊन इथे आला आणि त्याने कोचीसला तंबूत बोलावलं. कोचीस बायकामुलं, भाऊ आणि पुतण्यांसकट आला. दगाफटक्याची शंका असती तर पोरंबाळं घेऊन कोण येईल? पोरगा मी नेला नाही, पण शोधून देतो, असं त्याने सांगितलं. ते खरंही होतं, पोरगा दुसऱ्याच अपाचे टोळीने नेला होता. बॅस्कमने तरी त्याला अटकेत ठेवायचा हुकूम सोडला. कोचीस सुरीने तंबूचं कापड फाडून निसटला, घरची माणसं मात्र अडकली. त्यांच्या बदल्यात त्याने गोरी माणसं धरली. अदलाबदल फिसकटली. त्याने चार कैद्यांना ठार केलं, तर सैन्याने त्याच्या भावासकट सहा अपाच्यांना फासावर लटकवलं. पुढची अकरा वर्षं कोचीस लढत राहिला. पळवलेला फीलिक्स अपाच्यांमध्येच वाढला आणि मोठेपणी 'मिकी फ्री' नावाने अमेरिकन सैन्याचाच वाटाड्या झाला!

थोडं पुढे दफनभूमी आहे. सैनिकांच्या ओळींत एका लाकडी फळीवर 'लिटल रोब' असं नाव दिसतं. हा सैन्याशी झुंजणाऱ्या अपाचे म्होरक्या जेरोनिमोचा मुलगा, 1885 मध्ये गेला तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. भाचा बराच वेळ तिथून हलला नाही. त्याची लेक तेवढीच आहे.

आणि मग झरा. मी धबधबा नाही, पण निदान ओढा तरी असेल असं धरून चाललो होतो. खडकाखालून मनगटाएवढी धार, भोवती शेवाळ आणि गांधीलमाश्या. जुलै 1862 मध्ये एवढ्याशा पाण्यासाठी सैन्याने अपाच्यांवर तोफा डागल्या आणि त्याच महिन्यात इथे किल्ला उभारायला घेतला. 'किल्ला' म्हणायचं आपलं. तट नाही, बुरूज नाही, कच्च्या विटांच्या विरघळत चाललेल्या भिंती.

सप्टेंबर 1886 मध्ये शरण आलेल्या जेरोनिमोला इथूनच बोवी स्टेशनवर नेलं. निघताना लष्करी बँडने निरोपाचं गाणं वाजवलं म्हणे! त्याला आणि त्याच्या माणसांना फ्लोरिडाला पाठवलं, आणि त्याला शोधायला सैन्याला मदत केलेल्या चिरिकाहुआ वाटाड्यांनाही. जमातीचं युद्धकैदीपण सुटायला 1913 उजाडलं. जेरोनिमो त्याआधीच, 1909 मध्ये, कैदेतच गेला.

परतताना पिस्ते घ्यायला बोवी गावात शिरलो. त्याच रुळांवरून लांबलचक मालगाडी चालली होती. भाचा सवयीने डबे मोजायला लागला आणि साठानंतर चुकला.