उलटी वेलांटी

आज छापकामाच्या वर्गात पहिल्या ठशाचा कागद ठोकळ्यावरून सोलून काढला आणि लक्षात आले, की ‘आजी’ उलटी छापली गेली आहे. ठोकळ्यावर अक्षरे आरशातल्यासारखी कोरावी लागतात, हे ठाऊक असूनही हाताने सवयीने सरळच कोरले होते. त्यामुळे दुसऱ्या वेलांटीची पहिली झाली आणि ती शब्दाच्या सुरुवातीला जाऊन उभी राहिली.

शेजारच्या बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “असू द्या, इथे ही लिपी कोणाला वाचता येते?”

त्यांचा हेतू चांगलाच होता, पण वाक्य दिवसभर डोक्यातून गेले नाही. वाचणारे कोणी नाही, म्हणून अक्षर केवळ नक्षी ठरते का?

अलीगढमध्ये जन्मलेल्या आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या चित्रकार झरीना हाश्मी यांनी १९९९ मध्ये घर, उंबरठा, दार अशा शब्दांवर ३६ वुडकटची, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर कोरून घेतलेल्या छाप्यांची, मालिका केली, तेव्हा प्रत्येक छाप्यात उर्दू शब्द ठेवला. तो शब्द वाचता न येणारे प्रेक्षक पुष्कळ असणार, हे त्यांना ठाऊक नसेल असे वाटत नाही.

संध्याकाळी ट्रेसिंगचा कागद पालथा घालून अक्षरे नव्या ठोकळ्यावर उतरवली आणि पुन्हा कोरली. (बोटाला पट्टी आहे, ती वेगळीच गोष्ट.) या वेळी वेलांटी जागेवर आली.

उलटा छापा मात्र फेकवला नाही. तो कोणाला दाखवावा?