साथीदाराच्या नावावर अडलेला कोर्स

अश्लील व्हिडिओंच्या व्यसनातून सुटण्यासाठी मी ऑनलाइन कोर्स घेतला. त्याचा उपयोग झाला, हे आधीच सांगतो. पण त्यातल्या एका पानावर मी जो अडकलो, त्याचा राग अजून गेलेला नाही. तिथूनच किती जण परत फिरले असतील, हा विचार स्वस्थ बसू देत नाही.

मी रत्नागिरीत मिरकरवाडा या मासेमारी बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, बर्फाला गिऱ्हाईक नाही. बाहेर धो धो पाऊस आणि हातात मोबाइल. त्या बंदीतच प्रकरण हाताबाहेर गेलं.

नोंदणी झाली, पैसे भरले, पहिले धडे झाले. मग ते पान आलं: साथीदाराचं नाव आणि ईमेल भरा. म्हणजे आपला पाय घसरला की ज्याला सांगायचं, असा माणूस. शक्यतो पत्नी नको, असंही लिहिलेलं. ते पटलं. पण मग कोण? वाडीत सगळे नात्यातले, कारखान्यात सगळे वाडीतले. रकाना रिकामा सोडला तर पुढचा धडा उघडत नाही. मी कोर्सवाल्यांना कळवलं की आमच्या गावात हे कोणाला सांगण्यासारखं नाही, निदान पुढचे धडे तरी उघडा. उत्तरात तोच नियम पुन्हा चिकटवून आला. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. ज्या माणसाला लाजेपायी कुणाशी बोलता येत नाही, त्यालाच दारात उभं करून ‘आधी कुणाला तरी सांगून ये’ म्हणायचं, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

कोर्स अडला म्हणून मी १४४१६ लावला. ही टेली-मानस, सरकारची मोफत सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी न दचकता विचारलं, “हे साधारण कधी होतं? भूक लागलेली असते, राग आलेला असतो, एकटे असता की दमलेले असता?” मी म्हटलं, एकटा. साथीदाराचं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “जवळचाच हवा असं नाही. शब्द पाळणारा हवा.”

तेव्हा कॉलेजातला मित्र आठवला. चिपळूणचा, आता पुण्यात. फोनवर सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “मेल पाठव.” मी रकान्यात त्याचं नाव भरलं. कोर्सकडून त्याला होकाराच्या लिंकचा मेल गेला तो स्पॅममध्ये, तो सापडेपर्यंत लिंकची मुदत संपली. नवीन लिंक मागवायची तर पुन्हा त्याच लोकांच्या दारात. दुसऱ्या वेळी मी फोन चालू ठेवूनच त्याला स्पॅम उघडायला लावलं. तुम्हीही तसंच करा. धडा उघडला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

पुढचं सरळ झालं. ओढ लाटेसारखी येते, तिच्याशी झगडायचं नाही, नुसतं बघत राहायचं, ती ओसरते. हा धडा मला सगळ्यांत कामी आला.

आणि हो, वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याचे भरा. सोडायचं ठरलं तर यूपीआयमधलं ऑटोपे स्वतः बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, लैंगिक वर्तनावर ताबा न राहणं हा विकार म्हणून नोंदलेला आहे. हे वाचलं त्या दिवशी मला मी वाईट माणूस नाही असं वाटलं, म्हणून मुद्दाम सांगतो.

अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ (फोन साइटचा पत्ता कुणाला विचारतो ते ठरवणारी सोय) शोधा आणि तिथे क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीचा, अश्लील साइट गाळणारा कुटुंबासाठीचा पत्ता टाका. अशा बहुतेक साइट उघडत नाहीत. काढायचा म्हटला तर तो लगेच काढता येतो, पण मध्यरात्री मला तेवढाही अडसर पुरला.