जेवणाऱ्यांसमोर जॅझ वाजवण्याची तयारी

येत्या शनिवारी पणजीतल्या एका रेस्तराँमध्ये गिटार आणि डबल बास अशा दोनच वाद्यांवर जॅझ वाजवायचे आहे. तिथे लोक जेवायला आणि बोलायला येतात, ही गोष्ट गृहीत धरल्यामुळे माझ्या तयारीचा बराचसा वेळ लांबलचक सोलो घोटण्यात जात नाही, तर आवाज लहान ठेवूनही लय सैल पडू न देण्याच्या सरावात जातो. हळू आवाजात वाजवू लागले की हात नकळत मागे रेंगाळतो, म्हणून मी अँप (गिटारचा आवाज वाढवणारे यंत्र) बंद ठेवून आणि मेट्रोनोमचा (ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या यंत्राचा) ठोका केवळ दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर धरून वाजवतो. अमेरिकन जॅझ पियानोवादक काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात १९३७ पासून सुमारे पन्नास वर्षे फ्रेडी ग्रीन यांनी साध्या अकूस्टिक गिटारवर प्रत्येक मात्रेला एक छोटी कॉर्ड (एकत्र वाजवलेले काही स्वर) एवढेच काम केले. ती गिटार वेगळी क्वचितच ऐकू येते, पण सगळी चाल तिच्यावर उभी असते. रेस्तराँमधल्या वादकाने अभ्यासावा असा वादक माझ्या मते हाच.

बास सोबत असल्याने कॉर्डचा मूळ स्वर मी बहुतेक वेळा सोडून देतो आणि मधल्या दोन तारांवर तिसरा व सातवा स्वर तेवढा धरतो. कॉर्डचा स्वभाव त्या दोन स्वरांतच कळतो, आणि खालची जागा बासला मोकळी मिळते.

रचनांची निवड करताना थोडे गणितही करावे लागते. मिनिटाला १२० मात्रांच्या गतीत प्रत्येकी चार मात्रांच्या ३२ बारांचे एक आवर्तन ६४ सेकंदांत संपते. पाच आवर्तने घेतली तर एक रचना सव्वापाच मिनिटांच्या आसपास जाते, म्हणजे ४५ मिनिटांच्या एका फेरीला आठ आणि तीन फेऱ्यांना चोवीस रचना हाताशी हव्यात. लागोपाठच्या दोन रचना एकाच स्केलमध्ये येऊ नयेत, हेही मी पाहतो. पहिल्या फेरीत बोसा नोव्हा (ब्राझीलची मऊ लयीची शैली) आणि संथ रचना ठेवल्या आहेत, कारण त्या वेळी टेबले अर्धी रिकामी असतात आणि कटलरीचा आवाजसुद्धा मोठा वाटतो.

फर्माईश जुन्या हिंदी गाण्यांची येणारच, आणि त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण मला दिसत नाही. सी. रामचंद्र यांच्या संगीतामागे चिक चॉकलेट यांच्यासारखा गोव्याचा ट्रम्पेटवादक होता. त्या काळातली कित्येक गाणी स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, वाजवताना फारसे काही बदलावे लागत नाही. (वाढदिवसाचे गाणे मात्र कोणत्याही क्षणी वाजवता आले पाहिजे. केक सूचना देऊन येत नाही.)

गिटार पोकळ अंगाची असल्याने स्पीकरसमोर बसले की ती घुमू लागते, त्यामुळे अँप बाजूला, खुर्चीवर कानाच्या उंचीला ठेवणार आहे; मला स्वतःचे वादन नीट ऐकू आले, तर जवळच्या टेबलावर आवाज लादावा लागत नाही. गुळगुळीत वेष्टनाच्या तारा आताच चढवल्या आहेत, म्हणजे शनिवारपर्यंत त्या ताणून स्थिरावतील. मालकांना विचारायचे एवढेच उरले आहे की आमच्या कोपऱ्यातला प्लग फ्रिजच्या लाइनवर आहे का, कारण तसे असेल तर अँपमध्ये गुणगुण येण्याची शक्यता आहे आणि मला लांब एक्स्टेन्शन बोर्ड सोबत न्यावा लागेल.