दगडफुलावर ब्लीच कशाला टाकता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर, एकदा तर वाण्याच्या दुकानातसुद्धा मला हेच विचारलं गेलंय: "दगडफूल ओळखायला त्यावर ब्लीच कशाला टाकता हो? भिंगातून बघून कळत नाही का?"

बऱ्याचदा नाही कळत.

गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे शैवाक, लायकेन. एक बुरशी आणि तिनं पोटाशी धरलेलं शेवाळ, असा तो संसार. अन्न शेवाळ तयार करतं, घर बुरशी बांधते, आणि शास्त्रीय नाव लागतं ते बुरशीचं. कमावतो एक, दारावर पाटी दुसऱ्याची. ही बुरशी फुरसतीत नाना प्रकारची आम्लं बनवते. शैवाकांतली अशी हजाराच्या आसपास रसायनं आजवर ओळखली गेली आहेत आणि त्यातली बरीचशी इतर कुठे सापडत नाहीत. आमची ओळखपरेड त्यांच्यावर चालते.

मागच्या दिवाळीत वहिनीनं मसाल्यासाठी आणलेली पुडी मी ताटात ओतली. आधी साली, काड्या, खडे निवडले. उरलेले तुकडे सगळे सारखेच दिसत होते, वरून राखाडी आणि खालून काळपट. एक रुंद तुकडा घेऊन ब्लेडच्या टोकानं वरची साल खरवडली. आत कापसासारखा पांढरा गर असतो. त्यावर काचेच्या बारीक नळीनं ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा थेंब सोडला. क्षणात कुंकवासारखा लाल, आणि पापणी लवेपर्यंत रंग विरायलाही लागला. हे लेकॅनोरिक आम्ल, म्हणजे तुकडा बहुतेक पार्मोट्रेमा टिंक्टोरम. दुसरा तुकडा अरुंद पट्टीसारखा होता आणि कडेला काळ्या पापण्या. त्याच्यावर ब्लीचचा काही परिणाम नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब दिला तर आधी पिवळा, मग हळूहळू रक्तासारखा लाल. हे सॅलॅझिनिक आम्ल. एका पुडीत दोन प्रजाती, आणि वहिनीच्या लेखी दोन्ही दगडफूलच.

ही युक्ती 1866 सालची, विल्यम नायलँडर या फिनिश माणसाची. गंमत म्हणजे शैवाक ही दोघांची जोडी आहे, हे श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाचं म्हणणं या गृहस्थाला कधीच पटलं नाही. पुढे 1934 मध्ये जपानच्या आसाहिनांनी तिसरा थेंब आणला, पॅराफेनिलीनडायअमिनचा. केस काळे करायच्या डायमध्ये असतं तेच हे. अंगावर उठतं, त्यामुळे हातमोज्यांशिवाय मी त्या बाटलीला हात लावत नाही.

आता माझी फजिती. नवीन असताना एकदा दिवसभर बसून चाळीसेक नमुने तपासले आणि सगळ्यांपुढे 'ब्लीच: रंग नाही' असं लिहिलं. सरांनी वही बघितली, बाटली उघडून नाकाशी नेली आणि शांतपणे खाली ठेवली. वास उडाला होता. द्रावण दोन आठवड्यांचं होतं, क्लोरीन केव्हाच निघून गेलेला. चाळीस नमुने पुन्हा. तेव्हापासून पर्समधल्या काडेपेटीत टिंक्टोरमचा एक तुकडा असतो. सकाळी पहिला थेंब त्याच्यावर. तो लाल झाला तरच दिवस सुरू.

थेंबानं भागत नाही तेव्हा नमुना ॲसिटोनमध्ये भिजवून त्याचा ठिपका सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर देतात, पट्टी द्रावकात उभी करतात, मग सौम्य सल्फ्युरिक आम्ल फवारून भट्टीत तापवतात. ठिपके किती उंच चढले आणि कोणत्या रंगाचे झाले, त्यावरून आम्ल कळतं. ड्यूक विद्यापीठातल्या चिकिता कल्बरसन यांनी 1970 च्या सुमारास ही पद्धत अशी बसवून दिली की जगभर एकाच मापानं काम होऊ लागलं. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत पटवर्धन आणि मखिजा यांनी सह्याद्रीतली शैवाकं हुडकली. सालीवर मोडी लिहिल्यासारखी दिसणारी ग्राफिस त्यातलीच. तिथेही बीजाणूंच्या जोडीला आम्लं बघावीच लागतात.

पण आम्ल वेगळं म्हणून प्रजाती वेगळी का? यावर आमच्यात पिढ्यान् पिढ्या भांडणं झाली आहेत. मला स्वतःला रसायन हा साक्षीदार वाटतो, न्यायाधीश नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडे पाइनवर केसांच्या जटांसारखं ब्रायोरिया नावाचं शैवाक लोंबतं. तपकिरी असेल तर तिथले मूळ रहिवासी भट्टीत भाजून खात आले आहेत. पिवळसर असेल तर त्यात व्हल्पिनिक आम्लाचं विष. दोन रंग, दोन नावं. जनुकं तपासली तर बुरशी तीच, शेवाळही तेच! 2016 मध्ये स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांना सालीत तिसरंच कुणी दडलेलं सापडलं: एक यीस्ट, पिवळ्यात जास्त. विष त्यानंच येतं असं यावरून ठरत नाही, पण जोडप्याच्या घरात भाडेकरू निघाला एवढं खरं.

तर ब्लीच त्यासाठी. वहिनीला मी प्रजातींची नावं सांगितली, तिनं ऐकून घेतली. मग थेंब टाकलेले दोन्ही तुकडे चिमटीत धरून कचऱ्यात टाकले आणि उरलेलं दगडफूल तेलात परतायला घेतलं.