यादी होळीला, विचारपूस श्रावणात: मेळघाटातला दौरा

परतवाडा मागे पडलं की घाट लागतो आणि मोबाइल निव्वळ घड्याळ म्हणून उरतो. अमरावती ते धारणी अंतर दीडशेच्या आसपास किलोमीटर, पण पावसाळ्यात दिवस गेला असंच धरून चाला. आम्ही पोळ्याच्या सुमारास गेलो. काम असं, की ज्या घरांत धान्य खरोखर पुरत नाही ती कोरकू आदिवासींची घरं शोधायची आणि रेशनच्या अंत्योदय (सर्वात गरीब घरं) किंवा प्राधान्य कुटुंबांच्या यादीत त्यांची नावं घालता येतील का ते पाहायचं.

मागून जाणाऱ्यांनी आधी महिना ठरवावा, फॉर्म नंतर. दिवाळीनंतर बरीच घरं कुलूप लावून मजुरीला बाहेर पडतात. जानेवारीत गेलात तर जे जाऊ शकले तेच वगळले जातात. होळीला सगळे परततात. घरं मोजायला याहून चांगला मुहूर्त नाही. पण तेव्हा हातात मजुरीचे पैसे असतात, भुकेचं विचाराल तर सगळं ठीकच ऐकू येईल. खरी ओढाताण आषाढापासून भाद्रपदापर्यंत. जुनं धान्य संपलेलं, निंदणीची मजुरी पावसाच्या मर्जीवर आणि मका अजून कणसात यायचा. म्हणून यादी होळीला करा, विचारपूस श्रावणात.

घरात शिरल्यावर कार्ड नंतर मागा, आधी चुली मोजा. एका घरात कार्ड एक, चुली तीन. म्हातारीची एक आणि वेगळ्या झालेल्या दोन मुलांच्या दोन. कार्ड अंत्योदयचं, म्हणजे महिन्याला ३५ किलो, माणसं कितीही असोत. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो. ते मिळून नऊ जण, म्हणजे प्राधान्यात ४५ किलो झाले असते. कागदावर सर्वात गरीब ठरलेल्या घराला दहा किलो कमी! उलट एकट्या विधवेला अंत्योदयच हवं, नाहीतर ५ किलोवर महिना काढावा लागतो. तेव्हा 'अंत्योदय मिळवून द्या' असा सरसकट आग्रह धरू नका, आधी माणसं मोजा. कार्ड विभक्त करायचं तर जुन्यातून नावं कमी करून मगच नवं होतं, आणि नव्या कार्डाला तालुक्याच्या इष्टांकात, म्हणजे ठरवून दिलेल्या संख्येत, जागा लागते. पुरवठा शाखेत हा प्रश्न आधीच विचारून ठेवा.

उत्पन्नाच्या दाखल्यावर माझा फारसा विश्वास नाही. प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात मर्यादा ठरली ती वर्षाला ४४,००० रुपये. रोजगार हमीचा २०२४-२५ चा दर दिवसाला २९७ रुपये होता. घरातल्या सगळ्यांचे मिळून दीडशे दिवस भरले की मर्यादा ओलांडली. दाखल्यावर मग सोयीचा आकडा येतो. तो खोटा आहे हे गावापासून तालुक्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं.

त्यापेक्षा ताटात काय होतं ते विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची प्रश्नावली हाताशी ठेवा, पण 'पैसे किंवा साधनं नसल्यामुळे' हे शब्द गाळू नका. श्रावणात 'एक वेळ जेवला नाहीत का' एवढंच विचारलं तर उपासही भूक म्हणून मोजला जाईल. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या पद्धतीत मागच्या सात दिवसांत काय किती दिवस खाल्लं ते विचारतात. त्या दिवसांना मग गुण लावतात: डाळीला ३, दुधाला ४. चहातलं चमचाभर दूध त्यात धरायचं नाही, हे टीमला बजावून सांगा.

एका बाईनं आम्हाला 'दाल-रोटी' असं चटकन सांगितलं. डाळ कधी आणली विचारल्यावर तिनं डबा पुढे केला. तळाला मूठभर तूर. बाजाराच्या दिवशी पाव किलो येते, दोन दिवस पातळ वरण, पुढे मक्याची रोटी आणि मिरचीची चटणी. मुलं जेवून उरलं तर ती. हे सगळं ती हिंदीत सांगत होती. सासू मात्र कोरकूतच बोलली. दुभाषी बाई शेजारच्या पाड्यातली होती म्हणून बरं. आशाताईंना गावाची खडान्‌खडा माहिती असते, पण त्याच दुभाषी झाल्या तर लोक 'सगळं मिळतं' म्हणून मोकळे होतात.

अजून एक. २ मे २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं आदिम जमातींच्या सर्व कुटुंबांना अंत्योदयचा हक्क मिळाला. महाराष्ट्रात त्यात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड येतात, कोरकू नाहीत. इथे घरागणिक कारण लिहावं लागतं: विधवा, अपंग, दुर्धर आजार, निराधार वृद्ध. अर्जात 'गरीब आहे' लिहून भागत नाही.

वाटपाच्या दिवशी 'कंट्रोल'वर, म्हणजे रेशन दुकानावर, तासभर उभे राहा. कोणाचा अंगठा मशीनवर उमटत नाही, कोण दोनदा येऊन रिकामं परततं, हे तिथेच दिसतं. ही घरं यादीत असतात, त्यामुळे सर्वेक्षणात ती 'लाभार्थी' म्हणून निघून जातात. त्यांची वेगळी वही ठेवा.

कच्ची यादी पाड्यावर मोठ्यानं वाचा, संध्याकाळी, माणसं शेतातून आल्यावर. अकराच्या ग्रामसभेला तीच येतात ज्यांची नावं आधीपासून आहेत. छापील फॉर्म, पेन आणि प्लास्टिकची पिशवी सोबत हवीच, ॲप तिथे चालेलच असं नाही. मुक्काम धारणीत करा आणि परतीचा घाट उजेडातच उतरा.