कूलरच्या अलीकडे

राऊटरला नाव द्यायची वेळ आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. लाईन टाकणारा पोरगा गार पाणी ढोसून, "बाकीचं तुम्ही करून घेजा, काही अवघड नाई," म्हणत उन्हात निघून गेला होता. राऊटरच्या सेटिंगचं पान, १९२.१६८.१.१, उघडलं, 'अ‍ॅडमिन' टाकलं, आत गेलो. नाव सुचेना, म्हणून मोबाइलवर शेजाऱ्यांच्या वायफायची नावं वाचत बसलो.

आमची फ्लॅट स्कीम तीन मजल्यांची, तीही तालुक्याच्या गावातली. पण हवेत गर्दी केवढी! 'जय गजानन', 'जय गजानन फाइव्ह जी', 'मातोश्री', 'शेतकरीपुत्र' आणि कुणा वैतागलेल्याचं 'पासवर्ड मागू नये'. हे कोणाचं, ते मला नक्की माहीत आहे. त्याच्याच दारावर 'सुस्वागतम्'ची पाटी आहे. (ते 'फाइव्ह जी' म्हणजे मोबाइलचं नव्हे, राऊटरच्या लाटेचा पाच गिगाहर्ट्झचा पट्टा. पण समजावत कोण बसणार?) तेवढ्यात समोरच्या काकू डोकावल्या. "बाप्पा, नेट घेतलं वाटते! आमच्या बंट्याले पासवर्ड देजा, पेपर हायेत त्याचे." दिला. नाव ठरायच्या आधी पासवर्ड वाटून झाला.

आबाजींच्या रेडिओला लायसन्स होतं. त्याची फी पोस्टात भरायची, पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का मारून आणायचा. ते पुस्तक पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्यांच्या घडीत असायचं, कोपरे दुमडलेलं, नॅप्थलीनच्या वासाचं. नुसतं ऐकायला सरकारची परवानगी! आता घरोघरी स्वतःचं प्रक्षेपण, आणि राऊटरचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा तर सरकारने २००५ सालीच लायसन्समधून मोकळा केलेला. आबाजींना हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, "मंग मले पैसे वापस भेटतीन काय?"

तो रेडिओ धाब्याच्या घरात, दीड हात रुंद मातीच्या भिंतीला लावलेल्या फळीवर. वर एरियल म्हणून तांब्याच्या जाळीची पट्टी या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत ताणलेली. तिला हात लावला की पाठीत धपाटा. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ चं, ५८५ किलोहर्ट्झवरचं. त्या लाटेची लांबी भरते अर्ध्या किलोमीटरच्या वर. मातीची भिंत तिच्या खिजगणतीतच नसायची. राऊटरची लाट साडेबारा सेंटिमीटरची, वीतभरही नाही. पाच गिगाहर्ट्झवाली तर जेमतेम सहा, म्हणजे तीन-चार बोटं. एवढीशी लाट काँक्रीटच्या भिंतीत दमते, पत्र्यावर आपटून परत फिरते आणि पाणी लागलं की त्यात जिरते.

आता विदर्भातल्या घरात, ऐन मे महिन्यात, माणसापेक्षा मोठा पत्रा आणि त्याच्या पोटात पाणी, असं काय उभं असतं?

आमचा कूलर मधल्या दारात असतो, दोन्ही खोल्यांना हवा लागावी म्हणून. त्याच्या ताट्या होळीनंतर नव्या भरल्यात, पंप मधूनच गुरगुरतो, खालच्या फटीतून एक ओघळ फरशीवर आपली वाट करून बसलाय. त्याच्या अलीकडे, हॉलमध्ये, नेटच्या सगळ्या रेघा. पलीकडे, पलंगावर, एक रेघ, तीही जाऊन-येऊन. "कूलर जरा सरकवू का?" म्हणून विचारलं, तर आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला.

तिचं तोवर वेगळंच चाललं होतं. रेडिओला कव्हर होतं, टीव्हीला होतं, मिक्सरला आहे, "हे उघडंच ठेवतं काय? धूळ बसन ना." निळ्या झालरीचा विणलेला रुमाल तिने राऊटरवर घातला. त्यातून दोन अँटेना शिंगांसारख्या वर. हात लावून पाहिलं, तर खालून चांगलाच तापलेला. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि हा झालर पांघरून बसलाय. ती उठली की रुमाल काढतो, ती आली की पुन्हा घालतो.

मृगाचा पाऊस पडला की कूलर तसाही गॅलरीत जातो. तोवर ज्याला नेट हवं त्याने हॉलमध्ये बसावं, ज्याला झोप हवी त्याने आत जावं. मी आत चाललोय.